बाळ झोपलं, बाळं झोपली

प्रिय विहीणबाई,

आधी भांडण उरकून घेते, मग खुशाली. जिनं उभा जन्म लोकांचे फोन जोडून देण्यात घालवला, तिचाच फोन तुम्ही उचलत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना मी रुसून माहेरी गेलेल्या बायकांना नवऱ्यांशी जोडून दिलंय, घर सोडून गेलेल्या मुलांना बापांशी जोडून दिलंय, आणि आता सेवानिवृत्तीनंतर माझ्याच विहिणीकडून ‘नो रिप्लाय’. म्हणून हे पत्र. फोन वाजतो आणि थांबतो, पत्र मात्र टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहील. अक्षर लागलं नाही ही सबब चालणार नाही. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी बोटांवर पट्ट्या मारून हे अक्षर वळणाला आणलंय.

दुसरं भांडण किल्लीचं. मुलाच्या हाती तुम्ही घराची किल्ली परत पाठवलीत. अहो, भाडेकरूसुद्धा इतक्या तातडीनं किल्ली देत नाही, आणि हे तुमच्याच मुलाचं घर. जावईबापूंनी ती टेबलावर ठेवली आणि ते हात धुवायला निघून गेले. बराच वेळ नळ चालू होता. तुमचा मुलगा रडताना नळ सोडतो हे मला तुमच्याकडूनच कळलं होतं, लग्नाच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतंत. किल्ली मी दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. कुणी हात लावायचा नाही असं सांगितलंय आणि माझं सांगणं घरात अजून तरी पाळलं जातं.

आता आपल्या जुळ्या नातवंडांचं. विचारणार नाही तुम्ही, पण कासावीस झाला असाल हे मला ठाऊक आहे. दोघंही छान आहेत. वजनं वाढली. अर्जंटच्या गालाला खळी पडायला लागली आहे, डाव्या. ऑर्डिनरी हसतो, पण हसू चेहऱ्यावर पोचायला त्याला वेळ लागतो. आधी भुवया वर जातात, मग ओठ विचार करतात, आणि आपण कंटाळून दुसरीकडे बघितलं की महाराज हसतात. ही नावं तुम्हाला पहिल्यापासून आवडली नाहीत. परगावी ट्रंककॉल लावायला कुणी आलं की अर्जंट, म्हणजे जादा पैसे देऊन लगेच, की ऑर्डिनरी, हे विचारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ही पोरगी भूक लागायच्या आधीच किंचाळते आणि तो पोरगा कुंथतो, कण्हतो, लाइन मिळेपर्यंत वाट बघतो आणि मग तासभर थांबत नाही, तेव्हा मला दुसरं काय सुचणार? तुम्ही म्हणालात, आजीनंच नातवाला ऑर्डिनरी म्हटलं तर जग काय म्हणेल. म्हणालात आणि त्या दिवसापासून दोघांनाही नुसतं ‘बाळ’ म्हणायला लागलात. बाळाला घ्या, बाळ उठलं, बाळाचं आवरलं. कुठलं बाळ हे ओळखायचं काम आमच्यावर.

त्या दुपारी तुम्ही औषधाच्या दुकानात होता. घरात काय झालं ते तुम्हाला तुकड्यातुकड्यांत कळलंय, तेही रडारडीत, आणि गाळलेल्या जागा तुम्ही स्वतःला शिव्या देऊन भरून काढल्यात. म्हणून मी सलग लिहिते. बाहेरच्या माणसासारखं वाचा.

दोघं एकाच पाळण्यात झोपायची. दुसरा कठड्याचा पाळणा आला होता, पण खोलीत जागा नाही म्हणून तो पॅसेजमध्ये खोक्यातच उभा होता आणि आपण सगळे त्यावर ओले टॉवेल वाळत घालत होतो. एका पाळण्यात दोघं असली की अर्जंट लाथ मारायची आणि ऑर्डिनरीची मोडलेली झोप पुन्हा जोडायला आपल्याला नाकी नऊ यायचे. म्हणून त्या दुपारी तुम्ही त्याला बाटलीनं पाजून सोफ्यावर आडवं केलंत. एका बाजूला लोड, दुसऱ्या बाजूला उशी, म्हणजे घरंगळणार नाही. अंगावर तुम्ही शिवलेली मऊ रजई. ज्यांनी ज्यांनी मुलं वाढवली ते सगळे असंच करतात, मीही केलंय. मग तुम्ही लेकीच्या हातातून अर्जंटला घेतलंत, आत नेऊन पाळण्यात ठेवलंत, ती झोपल्यावर, अंघोळीला गेलेल्या लेकीला न्हाणीघराच्या दाराशी येऊन सांगितलंत, “बाळ झोपलं.” आणि पिशवी घेऊन खाली उतरलात. तुमच्या मनात हिशेब स्वच्छ होता. एक बाळ झोपलं, ते पाळण्यात. दुसरं सोफ्यावर चुळबुळ करतंय, त्याच्याकडे आता त्याची आई बघेल.

आत नळ चालू. लेकीला ऐकू आलं, “बाळं झोपली.”

एवढाच फरक आहे, विहीणबाई. एका शब्दावर टिंब आलं, दुसऱ्याच्या शेवटी ‘लं’चं ‘ली’ झालं. कागदावर ते दिसतं, नळाच्या आवाजात दारातून ऐकू येत नाही. तिच्याही मनात हिशेब स्वच्छ होता. दोघं झोपली, दोघं पाळण्यात. त्या बाळंतिणीला किती दिवसांत सलग झोप मिळाली नव्हती ते तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला. ती बाहेर आली, पडदे ओढलेले, डोळ्यांवर झापड. पाठ टेकायला सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. झोपेत ती कलंडली. लोड तिच्या खांद्याखाली सरकला, उशी त्याच्या तोंडावर.

मी माझ्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा मला दिसली फक्त लेक, झोपलेली. मला बरं वाटलं. चपला हातात घेऊन मी चोरपावलांनी आत चालले होते. रजईखालून एक पाय बाहेर आला होता आणि तो पाय हलत नव्हता. लहान मुलाचा पाय झोपेतही इतका स्थिर नसतो. मी उशी भिरकावली, त्याला उचललं. ओठ काळपट झाले होते. मी त्याच्या पाठीवर हात चोळला, तळपायावर टिचक्या मारल्या, त्याला हाका मारल्या. माझ्या आयुष्यात मी कुठल्याच कॉलची इतकी वाट बघितली नाही. आणि तो नेहमीसारखा सावकाश, आधी भुवया, मग ओठ, आणि मग रडला. पाठोपाठ लेक जागी झाली. तुम्ही जिन्यात होता तेव्हा तुम्हाला ऐकू आलं ते हे रडणं.

डॉक्टरांनी तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं, काही नाही म्हणाले. अगदी काही नाही. हे तुम्हाला तुमच्या मुलानं सांगितलंच असेल, पण तुम्ही ते ऐकलं नसणार.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून परत आल्यावर तुम्ही पिशवी भरलीत. लेक दवाखान्यातच होती. तुम्ही मला एवढंच म्हणालात, “माझ्या हातात आता बाळ देऊ नका.” आणि मी गप्प राहिले. माझी ख्याती अशी की माझ्या बोलण्याची लोकांना भीती वाटते आणि न बोलण्याची त्याहून जास्त. तुम्ही त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावलात तो लावण्याचा तुम्हाला हक्क आहे. खरं कारण सांगू? माझे दात वाजत होते. तोंड उघडलं असतं तर दातांचाच आवाज आला असता, आणि तो तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून मी जबडा आवळून उभी होते. आणि तुम्ही जिना उतरलात.

तुमच्यामागे पाहुणे आले. हे लोक कुठे असतात, विहीणबाई, जेव्हा कपडे धुवायचे असतात? पोरं जन्मली तेव्हा यांनी टोपडी पाठवली, खुळखुळे पाठवले. आता ही गोष्ट कानावर गेली तशी यांनी मतं पाठवली. एकीनं विचारलं, आजीचं लक्ष नव्हतं का? मी तिला विचारलं, तुमचं होतं का? तुम्ही चार गल्ल्या सोडून राहता, जुळी झाल्यापासून किती वेळा येऊन एखादं बाळ मांडीवर घेतलंत? तिनं चहा अर्धा टाकला. तुमच्या नणंदबाई मात्र जाड कातडीच्या. त्या एक मऊ गादीवजा घरटं घेऊन आल्या, चारी बाजूंना कापसाचे फुगीर काठ, आत दोघांची जागा शेजारी शेजारी. जुळ्यांना वेगळं ठेवायचं नसतं, एकमेकांच्या उबेनं वाढतात, असं ऐकवून वर म्हणाल्या, पोटात एकत्रच होती ना? मी म्हटलं, “पोटात होती तेव्हा त्यांना नाकानं श्वास घ्यायचा नव्हता.” त्यानंतर त्या गेल्या. घरटंही त्यांच्याबरोबर गेलं, मी ते जिन्यापर्यंत पोचवायला गेले होते.

मी हे माझ्या मनचं बोलत नाही. आरोग्य केंद्राची नर्स घरी आली होती. आली ती बाळं तपासायला, पण तिनं आधी खोली तपासली. बोलायला गोड, ऐकवायला कडक, अशा बाया मला आवडतात. तिनं सांगितलं, जुळी बहुतेक वेळा लवकर येतात, लहान असतात, म्हणून त्यांना जास्त जपायचं. प्रत्येकाची झोपायची जागा वेगळी, पण खोली आईबापांचीच. प्रत्येक झोपेला पाठीवर, दुपारच्या डुलकीलासुद्धा. गादी सपाट आणि घट्ट, वर ताणून बसवलेली चादर, आणि बस्स. उशी नाही, लोड नाही, जाड पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत, पाळण्याच्या कठड्याला कापसाची झालर नाही. थंडी वाटेल असं वाटलं तर अंगात एक कपडा वाढवायचा, पण डोकं उघडं. आणि सोफा? सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणं हे सगळ्यात वाईट, मोठ्या माणसाला कळतही नाही की आपण सरकलो. मी विचारलं, पाठीवर झोपवलं आणि उलटी झाली तर घशात नाही का जाणार? आपल्या दोघींनाही तीच भीती होती ना? ती म्हणाली, पाठीवर असतानाच बाळं ती बरी सांभाळतात, हे तपासून पाहिलेलं आहे. मला कॉन्व्हेंटचं वसतिगृह आठवलं. सिस्टर आम्हाला सरळ पाठीवर झोपायला लावायच्या, हात पांघरुणाबाहेर, आणि कंदील घेऊन फिरून बघायच्या. तो नियम मला जन्मभर मूर्खपणाचा वाटला. आता आमच्या घरात दोन वसतिगृहातल्या मुली झोपतात, त्यातली एक मुलगा आहे.

त्याच दिवशी मी घर हलवलं. झोपायच्या खोलीतलं कपाट पॅसेजमध्ये काढलं. आता स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जावं लागतं, आणि जावईबापूंचं पोट किती सुटलंय ते रोज कळतं. त्या जागी दुसरा पाळणा लावला. खोक्यातून काढताना एक स्क्रू कमी निघाला. मी दुकानात जाऊन एवढं बोलले की त्यांनी मूठभर दिले. सोफा उभा करून गॅलरीत ठेवला. समोरच्या बिल्डिंगमधले लोक विचारतात, हे काय आहे? मी सांगते, शिक्षा झालेला सोफा. तुमची रजई फेकलेली नाही, घाबरू नका. जमिनीवर अंथरून जागेपणी पोरांना त्यावर पालथं घालतो, नजरेसमोर. ऑर्डिनरी तिच्यावरच्या निळ्या चौकोनाकडे टक लावून बघतो आणि अर्जंट त्यावर दूध ओकते. दोघांनाही ती आवडली असं समजा.

आणि मी घरात एक्स्चेंजची पद्धत लावली. आमच्याकडे पाळी संपली म्हणून कुणी उठून जायचं नाही असा नियम होता. बदलीची मुलगी यायची, मागं उभी राहायची, स्वतःच्या हेडफोनची पिन शेजारच्या खाचेत घालायची, चालू असलेले कॉल कानांनी ऐकायची, आणि ‘माझ्याकडे’ म्हणायची. मग पहिलीनं हेडफोन काढायचा. काही क्षण दोघी एकाच बोर्डावर असायच्या. तेवढ्या क्षणांसाठी एका मुलीचा पगार वाया जातो असं वरच्या साहेबांना वाटायचं. मी त्यांना म्हणायचे, साहेब, तेवढ्याच क्षणांत सगळे घोटाळे होतात. आपल्या घरात आता तसंच. सोपवणाऱ्यानं नाव, जागा आणि स्थिती सांगायची. ऑर्डिनरी, खिडकीकडचा पाळणा, पाठीवर, झोपलाय. घेणाऱ्यानं जाऊन डोळ्यांनी बघायचं, तेच परत म्हणायचं, आणि वर ‘माझ्याकडे’. ‘बाळ’ हा शब्द बदलीच्या वेळी बंद. जावईबापू पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी सलाम ठोकला, तिसऱ्या दिवशी मीच विसरले तर त्यांनी मला दारातून परत बोलावलं. तुमच्या मुलाला तुम्ही चांगलं वाढवलंय. हे मी तोंडावर कधी म्हणणार नव्हते, पत्रात गेलं, जाऊ दे. पाजताना डोळे मिटायला लागले की हाक मारायची, हा दुसरा नियम. हाक मारायची लाज नाही. एक्स्चेंजमध्ये पेंगणाऱ्या मुलीला आम्ही कधी रागावलो नाही, रागावलो ते पेंगत असून न सांगणारीला.

पण पद्धतीला माणसं लागतात. जावयाची रजा संपली. दोन मुलं झाली तरी रजा एकाचीच, जणू दुसरं त्यांनी हौसेनं ऑफिसच्या कामातून वेळ काढून आणलं. नर्सच्या घरभेटींचंही तेच. केंद्रावरच्या कारकुनानं मला सांगितलं, भेटी आईमागे मिळतात, मुलामागे नाही, आणि आई एकच आहे. मी त्याला म्हटलं, आई एक आहे हेच तर दुखणं आहे. तो म्हणाला नियम आहे. मी म्हटलं, मग नियम करणाऱ्याशी जोडून द्या, मी लाइनवर थांबते. खुर्ची ओढून बसले. दुपारचं जेवण झालं त्याचं, चहा झाला, मी बसलेली. वरच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्यापुढं सगळं पुन्हा सांगितलं, आवाज चढवला नाही, इंग्रजी मात्र थोडं वापरलं, सिस्टरांच्या कृपेनं ते अशा जागी कामाला येतं. भेटी वाढवून मिळाल्या. आम्हालाच नाही, जुळी असलेल्या सगळ्या घरांना. जाताना कारकून म्हणाला, आजी, तुम्ही नोकरीत असताना लोक तुम्हाला घाबरत असतील. मी म्हटलं, अजूनही घाबरतात.

त्याच बाईंनी सांगितलं की वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुळ्यांच्या आईबापांची बैठक भरते. मी लेकीला घेऊन गेले. विहीणबाई, तुम्ही तिथं असायला हवं होतात. एका बापानं एकाच मुलाला दोनदा पाजलं आणि दुसरा का रडतो म्हणून डॉक्टरकडे नेलं. एका आईनं एका बाळाच्या अंगठ्याच्या नखाला लाल रंग लावून ठेवलाय, कुणाला औषध दिलं ते कळावं म्हणून, आणि सासऱ्यांनी कौतुकानं दुसऱ्याच्याही नखाला लावला. तिळ्यांची एक आई आहे, तिच्यापुढं आम्ही सगळे मुकाट बसतो, जसे शिपाई सेनापतीपुढं. लेकीनं आपली गोष्ट सांगितली तेव्हा खोलीत कुणी ‘बाप रे’ म्हटलं नाही. चार बाया नुसत्या मान हलवत राहिल्या. त्यांच्याही घरी असा कुठला ना कुठला सोफा होता. त्यांच्यातल्या दोघी आता आठवड्यातून एकेक सकाळ आपल्याकडे येतात आणि त्यांच्या पोरांना घेऊन मी बागेत जाते. फुकटची मतं नाहीत, फुकटचे हात आहेत. मला हाच व्यवहार कळतो.

तर घर लागलंय. पाळणे दोन, माणसं पुरेशी, नियम पाळले जातात. एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग माझी गरज काय? इथंच मला आता खरं लिहायचं आहे आणि पेन जड झालंय. तुमची सून झोपत नाही. पोरं झोपतात, ती झोपत नाही. मी समोर उभी राहून ‘माझ्याकडे’ म्हणते, ती मान डोलावते, आणि दोन्ही पाळण्यांच्या मध्ये स्टूल ठेवून बसून राहते. एकाची छाती वरखाली होताना बघते, मग दुसऱ्याची, मग पहिल्याची. जेवताना घास हातात राहतो. परवा भाजी चिरताना ती उभ्या उभ्या डुलली आणि सुरी पडली, पायावर पडली नाही एवढंच. नर्सनं एका समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली आहे, ती त्यांच्याकडे जाते, त्यांच्याशी बोलते, औषधाचं काय ते डॉक्टर बघताहेत. ते चाललंय आणि चालूच राहील. पण परवा त्या सुरीनंतर मी तिला खाली बसवलं आणि विचारलं, अगं, मी आहे, तो आहे, त्या दोघी आहेत, तुझा विश्वास तरी कुणावर आहे? तर ती म्हणाली, “त्या आई घर सोडून गेल्या ना. मग मी अजून इथं कशी?”

मला आधी कळलं नाही. मग कळलं तेव्हा तुमचा इतका राग आला की त्याच पावली तुमच्याकडे यायला निघाले होते. तुम्हाला वाटतं तुम्ही शिक्षा भोगताय आणि त्यात दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. अहो, त्या दुपारी दोघी होतात तुम्ही. एकीनं सांगितलं, एकीनं ऐकलं. तुम्ही स्वतःला गुन्हेगार ठरवून घर सोडलंत, म्हणजे गुन्हा झाला हे नक्की केलंत, आणि आता ती रोज स्टुलावर बसून आपल्या निकालाची वाट बघतेय. ज्या मुलीनं पोरांना तुम्ही शिवलेली झबली घालून घरी आणलं, जिला बाळंतपणात तुमच्या हातचाच चहा लागायचा आणि माझा कडू लागायचा, तिला मी कितीही समजावलं तरी ते आईचं समजावणं. आई माफ करणारच, हे तिला माहीत आहे. तुम्ही तिच्याइतक्याच त्यात होता. तुम्ही परत येऊन पोरगं उचललंत, तरच तिला कळेल की ते उचलता येतं.

तेव्हा हे पत्र विनंतीचं नाही, विनंती मला नीट जमत नाही. सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं मी तुमच्या दारात येतेय. पिशवी भरलेली असली तर उत्तम, नसली तर मी भरेन आणि माझ्या पद्धतीनं भरेन, मग साड्यांच्या घड्या मोडल्या म्हणून तक्रार करायची नाही. भीती वाटते म्हणालात तर मलाही वाटते, येताना दोघी घाबरत येऊ. हात थरथरतात म्हणालात तर बसून घ्या, बसून घेतलेलं बाळ पडत नाही. दुपारची पाळी मी तुमच्या नावावर टाकली आहे. ऑर्डिनरीला तुम्ही हवं त्या नावानं हाक मारा, फक्त नावानं मारा. तुम्ही दोघांना निजवाल, मग माझ्या लेकीच्या हाताला धरून तिला शेजारच्या खोलीत न्याल, दार लावून घ्याल आणि तिला झोपायला सांगाल. ती रडेल. रडू दे. मी बाहेर पाळण्यांपाशी बसलेली असेन. मला माझी मुलगी झोपलेली बघायची आहे, विहीणबाई, आणि ते मला एकटीला जमत नाही.

तुमचीच,
जिला सोमवारची वाट बघवत नाही ती,
अर्जंट-ऑर्डिनरीची दुसरी आजी